दोघींचं ताट

१

भिगवणला हायवेच्या कडेला आमची खाणावळ होती. पुण्याहून सोलापूरकडं जाणारा प्रत्येक ट्रकवाला जगात आपल्यालाच तेवढी भूक लागलीय अशा थाटात उतरायचा आणि उजनी धरणातली चिलापी मासळी मागायचा. पुढं पत्र्याखाली बाकडी, मागं चुली, आणि चुलींच्या मागं कोठीची खोली. कोठीत ज्वारीची पोती, तेलाचे डबे, कोल्ड्रिंकचे क्रेट. दुपारची गर्दी ओसरली की त्याच खोलीत आम्ही बायका जेवायचो. आधी गिऱ्हाईक, मग कामावरचे गडी आणि घरातला पुरुष, मग उरलंसुरलं आम्हाला. बायका जेवताना कुणी बघत नाही. बघण्यासारखं त्यात असतं तरी काय?

सासऱ्यांनी मेंढरं विकून ही खाणावळ टाकली आणि ती चालती होताच डोळे मिटले. गल्ल्यावर माझा नवरा मल्हार बसायचा. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण कागदावर घेतलेलं चालत असावं. चुलीपुढं सासू, सारजाबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. भाकरी थापता थापताच चार घास तोंडात टाकायच्या, ताट घेऊन बसलेलं मी त्यांना फारसं बघितलं नाही.

आणि नणंद, दिपाली. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या दुपारी तिनं माझ्यापुढचं ताट उचलून बाजूला ठेवलं. "वैनी, आजपासनं तुझं-माझं एकच ताट," म्हणाली आणि समोर मांडी घालून बसली. भाकरी कुस्करायची, वर कालवण ओतायचं आणि दोघींनी दोन बाजूंनी खात मध्ये यायचं. मला सख्खी बहीण नाही. त्या ताटानं मला या घरात रुजवलं, सासूनं नाही आणि नवऱ्यानं तर नाहीच. दिपाली तेव्हा अंगानं भरलेली होती, मनगटं इतकी गोल की कासारीण बांगड्या भरायला आली की आधी साबण मागायची.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात आमचं ताट लवकर संपायला लागलं.

सुरुवातीला मला बरंच वाटलं. दिपाली सकाळी एस्टीनं बारामतीला कॉलेजात जायची, दुपारी परत येऊन कामाला लागायची, तिला भूक लागणारच. माझी बाजू निम्मी शिल्लक असायची तोवर तिची बाजू पुसून घेतल्यासारखी स्वच्छ. मी उठून आणखी एक भाकरी आणायचे, तीही जायची. "दिपे, पोटात कुणाला बसवलंयस गं?" मी चेष्टा करायचे. ती हसायची नाही, ताटाकडं बघत राहायची.

मग कासारीण आली. तिनं दिपालीचा हात हातात घेतला आणि साबण मागितलाच नाही. बांगड्या सरळ कोपरापर्यंत गेल्या आणि घरंगळत परत खाली आल्या. कासारीण माझ्याकडं बघून म्हणाली, "पोरीला जेवाया घालता का न्हाय?" मला असा राग आला की मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

२

मी अकरावीपर्यंत सायन्स शिकलेली बाई आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या हायवेवर अष्टौप्रहर एवढी वर्दळ की भुतांना उभं राहायला जागा नाही. एवढं खाऊन पोरगी वाळतेय म्हटल्यावर माझं उत्तर तयार होतं: जंत. औषध आणलं, समोर बसून पाजलं. काही झालं नाही.

ती वाळतच गेली. वैशाखात स्वेटर घालायला लागली. चुलीपाशी बसून हात शेकायची आणि तरी बोटांची टोकं निळसर असायची. दंडांवर बारीक मऊ लव आली होती, तान्ह्या बाळाच्या पाठीवर असते तशी. सोमवार धरला, मग गुरुवार धरला, मग चतुर्थी. येणाऱ्याजाणाऱ्या बायका कौतुक करायच्या की पोरगी देवाची हाय. आणि स्वयंपाकाचं तिला वेडच लागलं. कालवण दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही. गिऱ्हाइकाला आग्रह कर करून वाढायची, मोठा तुकडा शोधून ताटात घालायची. चाखायची मात्र कधी नाही. नुसत्या वासावर मीठ ओळखायची.

घरात तेव्हा पाळी आली की बायका बाजूला बसायच्या. एके दिवशी आत्याबाईंनी मला चुलीमागं ओढलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"कौसल्ये, दिपी बाजूला कवा बसली हुती?"

मी आठवायला लागले. आठवेना.

"मलाबी आठवंना," आत्याबाई म्हणाल्या आणि खालीच बसल्या. "पोरीनं तोंड काळं केलं का काय गं?"

मल्हारला काही न सांगता आम्ही तिघी इंदापूरला गेलो. बाजारहाट करतो असं दाखवून गेलो, रिकाम्या पिशव्यासुद्धा घेतल्या होत्या. दवाखान्यात दिपालीला आत नेलं तेव्हा आत्याबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं मुंग्या येऊन बधिर झाली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, तसलं काही नाही. आत्याबाई तिथंच रडायला लागल्या, देवाचं नाव घ्यायला लागल्या. मीही सुटकेचा श्वास टाकला. पोरीची पाळी का थांबली हे विचारायचं आम्हा दोघींनाही सुचलं नाही. बेअब्रू टळली एवढ्यातच आम्ही खूश होतो.

डॉक्टरीणबाई मात्र खूश दिसत नव्हत्या. "जेवते का ही?" त्यांनी विचारलं.

"जेवते की," मी म्हणाले. "माझ्यासंगं एका ताटात जेवते. माझ्यापरीस जास्त."

"तुम्ही बघता तिला जेवताना?"

"आता समोर बसते म्हटल्यावर…" मी म्हणाले आणि थांबले. एका ताटात जेवणारी माणसं ताटाकडं बघतात. एकमेकींच्या तोंडाकडं बघायचं कारण नसतं.

३

दुसऱ्या दिवशी कोठीत जेवायला बसलो तेव्हा मी ठरवून दिपालीच्या तोंडाकडं बघितलं.

पत्र्याला एक भोक होतं, त्यातून उन्हाची तिरीप आमच्या मधोमध पडायची. दिपालीचा हात ताटात गेला. तिनं घास गोळा केला, उचलला, पुन्हा खाली ठेवला. बोटांनी पसरला, त्याचे बारके बारके तुकडे केले, कडेला सारले, परत गोळा केला. हात एकसारखा चालू होता. तोंड मिटलेलं होतं.

चावण्याचा आवाज येत होता.

माझाच असेल म्हणून मी घास तोंडात तसाच धरून थांबले. आवाज थांबला नाही. सावकाश, ओलसर, चवीनं चावल्याचा आवाज. मध्येच कुणीतरी कालवण ओरपावं तसं सुर्र झालं. दिपालीचे ओठ कोरडे होते, कडांना चिरा पडलेल्या होत्या, आणि ते हललेले नव्हते. मी खाली बघितलं. तिच्या बाजूचं ताट रिकामं झालं होतं.

उंदीर. मी लगेच स्वतःला सांगितलं. ज्वारीच्या पोत्यांत उंदीर असणारच. मी उठून पोती हलवली, क्रेट सरकवले, झाडू आपटला. एक झुरळ निघालं, तेवढंच.

"दिपे, खातं कोण?" मी विचारलं.

"मी."

"मी बघत हुते. तुझं तोंड हललं न्हाय."

"मीच खाते, वैनी. तू माझ्या ताटात डोकवत जाऊ नको."

हे ती इतक्या कडवट आवाजात म्हणाली की मला रडू फुटायचं बाकी राहिलं. मला ती कधी उलटून बोलली नव्हती. आणि तिचं ताट कसलं? ताट आमच्या दोघींचं होतं. मी हे बोलून दाखवणार होते, पण ती माझ्याकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांत भीती होती. कडवट बोलणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत अशी भीती नसते.

४

मग मी तिला वेगळं ताट वाढलं. तिला आत बसवलं आणि मी दाराबाहेर पाट टाकून बसले. आतून जेवल्याचा आवाज आला, भाकरी मोडल्याचा, बोटं चाटल्याचा. शेवटी समाधानाची ढेकर. ढेकर ऐकून मला खरंच आनंद झाला, मी दार ढकलून आत गेले. ताट लख्ख. दिपाली भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. मी तिचा हात उलटा केला. आमच्या घरात नखांतली हळद कुणाच्या जात नाही, साबणानं घासली तरी पिवळी राहते. दिपालीची नखं पांढरी होती. हात कोरडा होता आणि बर्फागत गार.

खिडकीला जाळी. मागं दार नाही. मल्हारला सांगितलं, तो वैतागला. "मांजर आलं आसंल. तुमा बायकांना दुसरा उद्योग न्हाय," म्हणाला आणि पुढं गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायला गेला. पण त्या संध्याकाळी तोच कोठीत जाऊन कोपरे बघून आला, आणि बाहेर आल्यावर मांजराचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

आत्याबाईंना मी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी ओळखलं. "बाहेरचं हाय," त्या म्हणाल्या. "पोरीच्या तोंडचा घास पळवतंय."

"आत्याबाई, आसलं काय नसतंय."

"मग खातंय कोण, तुझा शाळामास्तर?"

मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"त्याला भूक हाय," आत्याबाई म्हणाल्या. "त्याचं त्याला वाढून ठिवू. प्वाट भरलं म्हंजे पोरीला सोडंल."

आता लिहिताना वाटतं, खाणावळ चालवणाऱ्या माणसाला जगातल्या कुठल्याही संकटावर एकच उपाय सुचतो. वाढायचं. कोण आहे, कुठून आलंय, काय हवंय, काही विचारायचं नाही, आधी ताट पुढं सारायचं. मला हे पटत नव्हतं, तरी मी अडवलं नाही. पोरीसाठी काहीतरी चाललंय एवढाच दिलासा होता.

दुपारी गर्दी ओसरली की आत्याबाई कोठीत एक ताट वाढून ठेवायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. थोड्या वेळानं ताट लख्ख होऊन मिळायचं. आत्याबाई हरखून जायच्या. भाकरी वाढवली, मग वर तूप घातलं, मग पुरणाची पोळी झाली. आपल्या हातचं संपतंय हे बघून त्यांना मनापासून बरं वाटत होतं, मी त्यांना दोष देत नाही.

दिपाली मात्र दिवसागणिक आटत होती. एस्टीतून उतरली की उभ्या उभ्या धापा टाकायची. केस विंचरले की फणीभर केस यायचे. बाकड्यावर बसायची तेव्हा खाली दोन उश्या लागायच्या, हाडं टोचतात म्हणून. एकदा दुपारी मी कोठीपाशी गेले तर ती बंद दाराला कान लावून उभी होती, आत ताट वाढलेलं होतं. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आई लेकराला जेवताना बघते तसं समाधान.

"जेवतीय ती," ती मला हळू आवाजात म्हणाली.

त्यानंतरच्या आठवड्यात ती बारामतीच्या एस्टी स्टँडवर कोसळली.

५

लोकांनी तिला जवळच्या दवाखान्यात नेलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा सलाइन लावलेलं होतं आणि एक मध्यमवयीन डॉक्टरीणबाई तिची नाडी धरून उभ्या होत्या. बराच वेळ धरून होत्या. मग आम्हाला बाहेर घेऊन आल्या.

"हृदय फार सावकाश चाललंय," त्या म्हणाल्या. "हे असंच चाललं तर एके दिवशी झोपेत थांबेल. मी घाबरवत नाही, आहे ते सांगते."

मल्हार भिंतीला टेकला. आत्याबाईंनी पदर तोंडाशी धरला.

"बाई, आमी तिला काय कमी केलं न्हाय वं," त्या म्हणाल्या. "आमची खाणावळ हाय. गावाला जेवू घालतो."

"तुमचं काही चुकलेलं नाही. तिचंही चुकलेलं नाही. हा आजार आहे, ॲनोरेक्सिया म्हणतात. पुण्यात शिकताना मी अशा मुली बघितल्यात. इथं लोकांना माहीत नाही, म्हणून टीबी म्हणतात, नाहीतर बाहेरचं म्हणतात."

"तिला भूकच लागत न्हाय का?" मी विचारलं.

"लागते. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त लागते. दिवसभर तिच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही नसतं. पण खायची भीती वाटते, मरणाची वाटत नाही इतकी. ही बोलेल तेव्हा दर वेळी हीच बोलतेय असं समजू नका. आजार तिच्या तोंडानं बोलतो. तो रडेल, चिडेल, शपथा घेईल. त्याच्याशी वाद घालायचा नाही आणि त्याचं ऐकायचंही नाही."

मग त्यांनी सांगितलं काय करायचं ते. औषध म्हणजे अन्नच. पण एकदम भरपूर नाही. इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला अचानक जास्त खाऊ घातलं तर तेच जिवावर बेततं, म्हणून सुरुवात दवाखान्यातच, त्यांच्या देखरेखीखाली. घरी गेल्यावर वेळच्या वेळी, थोडं थोडं, वाढवत. कुणीतरी समोर बसायचं आणि तिचं खाऊन होईपर्यंत उठायचं नाही. दर आठवड्याला त्यांच्याकडं यायचं, आणि पुण्याला मनाच्या डॉक्टरांकडं त्या चिठ्ठी देणार होत्या. वर्ष लागेल, दोन वर्षं लागतील, मध्येच पुन्हा घसरेल, तेव्हा धीर सोडायचा नाही.

"पण हुतीय का बरी?" मल्हारनं विचारलं.

"बऱ्याच जणी होतात. पूर्ण बऱ्या होतात, लग्नं करतात, नोकऱ्या करतात. काही होत नाहीत."

निघताना मी मागं राहिले. म्हटलं, बाई, एक विचारू? तिनं न खाल्लेलं ताट रिकामं कसं व्हतं?

"लपवतात," त्या म्हणाल्या. "ओढणीत, दप्तरात. कुत्र्याला घालतात. फार हुशारीनं करतात."

मी मान हलवली. मला ते खरं असायला हवं होतं. दिपाली दवाखान्यात असताना मी कोठी रिकामी केली, पोतं न् पोतं बाहेर काढलं, तिचं दप्तर झटकलं. भाकरीचा वाळका तुकडासुद्धा सापडला नाही. आणि तिच्या माघारी आत्याबाईंनी सवयीनं एकदा ताट वाढून ठेवलं होतं. ते जसंच्या तसं परत आलं, वर माश्या बसलेल्या. ते बघून मी आत्याबाईंना हात जोडले, म्हटलं, यापुढं कोठीत ताट ठेवायचं नाही.

६

दिपाली घरी आली आणि त्यानंतरचे दिवस मी कुणाला सांगत नाही. वाटीभर मऊ भात घेऊन आम्ही कोठीत बसायचो, ती आणि मी, तास जायचा. ती रडायची, पाया पडायची. "मारताय तुमी मला," म्हणायची. मल्हार उठून गाड्यांत जाऊन उभा राहायचा, त्याला ऐकवायचं नाही. मीही चिडायचे. एकदा वाटी भिंतीवर फेकून मारली आणि मग दोघी मिळून भात गोळा करत रडलो. दुसऱ्या दिवशी परत वाटी घेऊन बसले. दुसरं काय करणार?

कधी कधी ती अगदी तिच्या जुन्या आवाजात बोलायची. अशाच एका दुपारी मी वाटीतला भात ताटात ओतला होता, ती घास हातात धरून म्हणाली, "वैनी, मी घास उचलला की ती म्हणती, त्यो माझा हाय."

"कोण ती?"

"मी खाल्लं तर ती उपाशी मरंल. इतके दिस मी तिला पोसलीय. आन ती मेली तर मग मी कोण राहीन गं?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की वाद घालू नको. मी वाद घातला नाही. म्हटलं, "घास खा, दिपे. मी हितंच बसलेय." आणि धीर यावा म्हणून माझा हातही तिच्या ताटात घातला, जुन्या सवयीनं, घास करून द्यायला.

तिरीप ताटावर पडली होती. मी खाली बघितलं. ताटात माझा हात होता, तव्याचा चटका बसलेला, नखं पिवळी. दिपालीचा हात होता, कातड्याखाली हाडं मोजता येतील असा. आणि त्या दोन्हींच्या मधे आणखी एक उजवा हात होता.

भरलेला, गोल, तुकतुकीत. बोटं तुपानं चमकत होती. मनगटात बांगड्या इतक्या गच्च बसल्या होत्या की मांस वर आलं होतं. तो सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखा, दिपालीच्या बोटांतून भात काढून घेत होता. तो हात मी ओळखला. त्याच हातानं मी आले त्या दिवशी माझ्यापुढचं ताट उचललं होतं.

मी ताट धरून जोरात माझ्याकडं ओढलं, भात सांडला, आणि मग तिथं दोनच हात होते. मीही त्या दिवसांत धड जेवत नव्हते, झोपत नव्हते, डोळ्यांपुढं अंधारी यायची. शिकलेल्या माणसानं असं म्हणावं, आणि मी तसं म्हणते. पण दिपाली माझ्याकडं बघत होती.

"दिसली तुला?" तिनं विचारलं.

मी तिला उठवलं, हाताला धरून बाहेर आणलं आणि कोठीला बाहेरून कडी घातली.

७

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुढं बसलो. पत्र्याखाली, बाकड्यावर, हायवेच्या उजेडात, गिऱ्हाइकांच्या आधी. मल्हारनं अडवलं नाही, कोठीतली पोती-डबे चुलींपाशी आणून ठेवले आणि परत कडी लावली. उलट एक जाडजूड ड्रायव्हर "बायका आधी?" म्हणून हसला तेव्हा मल्हारनं त्याच्याकडं असं बघितलं की तो गुमान रस्त्याकडं तोंड करून बसला. आत्याबाईंनाही मी चुलीपासून उठवून बाकड्यावर आणलं. तिघींची तीन ताटं. सगळ्यांचं सगळ्यांना दिसायला हवं होतं.

ती लगेच बरी झाली असं कुणी समजू नये. दोन पावलं पुढं, एक मागं, कधी तीन मागं. हिवाळ्यात परत दवाखान्यात ठेवावं लागलं. पुण्याच्या डॉक्टरांकडून आली की एकतर दिवसभर बोलायची नाहीतर दिवसभर गप्प. पण वाटीचं ताट झालं. ओठांच्या चिरा भरल्या. एकदा तिनं कालवण चाखलं आणि मीठ कमी आहे म्हणाली. आत्याबाई ते सगळ्या भिगवणला सांगत फिरल्या.

आणि त्याच सुमारास कोठीतून आवाज यायला लागला.

पहिल्यांदा मला वाटलं, बाहेर कुणाचं लेकरू रडतंय. मग शब्द कळले. "आई, भूक लागली." हळू, दमलेला आवाज, बंद कडीच्या आतून. दिपालीचाच आवाज. ती लहान असताना असा असेल, किंवा ती कोसळली त्या दिवशी असा असेल. मी दिपालीकडं बघितलं, ती समोर बसून भाकरी चावत होती, तिचं तोंड भरलेलं होतं. आत्याबाईंनीही ऐकलं होतं. त्यांचा हात ताटातच थांबला.

पण तो आवाज जात नव्हता. जसजशी दिपाली भरत होती, तसतसा तो खंगत होता. कधी नुसतं कण्हणं, कधी दारावर नखांचा आवाज. "आई, दोन घास दे गं. मी मरते." मी कानात बोटं घातलेली आहेत, मी लाज सोडून मोठ्यानं गाणी म्हटलेली आहेत. सगळ्यात वाईट म्हणजे मला दया यायची. माझ्या डोक्याला कळत होतं की ते देऊ नये, पण आपल्या माणसाच्या आवाजात कुणी भाकरी मागत असेल तर डोकं काय करणार? आणि मी तर वहिनी होते. आत्याबाई आई होत्या.

मग नव्याण्णवच्या उन्हाळ्यातला तो दिवस. कडक ऊन होतं, रस्ताही रिकामाच होता. आम्ही तिघी जेवत होतो. आतून आवाज आला तो इतका बारीक होता की ऐकायला श्वास धरावा लागला. "आई, दिपी हाय मी. मला इसरलीस व्हय?"

आत्याबाई उठल्या. त्यांचे डोळे वाहत होते. स्वतःच्या ताटातली भाकरी त्यांनी उचलली, तिच्यावर कोरड्यास घातलं, आणि कोठीकडं चालायला लागल्या.

"आत्याबाई!" मी ओरडले.

"लेकरू उपाशी हाय माझं," त्या म्हणाल्या. माझ्याकडं वळूनही बघितलं नाही. त्यांचा हात कडीवर गेला.

मी उठेपर्यंत दिपाली पोचली होती. ती पळाली कधी ते मला दिसलं नाही. तिनं आईचं मनगट धरलं, दोन्ही हातांनी, आणि कडीवरून खाली ओढलं. दाराच्या आत काहीतरी जमिनीवरून सरकत उंबऱ्यापर्यंत आलं. दिपाली पांढरी पडली होती, पण हात सोडत नव्हती.

"आई, हिकडं बघ," ती म्हणाली. "आई. मी हितं हाय."

आत्याबाई दाराकडं बघत होत्या, मग तिच्याकडं, परत दाराकडं. दोन्हीकडून एकच आवाज येत होता. त्यांना कळेना, ते मला दिसत होतं.

दिपालीनं एक मोठा श्वास घेतला. दोन वर्षांत तिनं स्वतःहून कधी काही मागितलं नव्हतं, आम्ही वाढायचो आणि ती कसंबसं संपवायची. आता तिनं आईच्या हातातल्या भाकरीकडं बोट केलं.

"मला भूक लागलीय," ती म्हणाली. "ती भाकरी मला दे."

आत ते रडत होतं. आत्याबाईंनी भाकरी तिच्या हातात दिली. आम्ही परत बाकड्यावर जाऊन बसलो, आणि तिची भाकरी संपेपर्यंत तिघींपैकी कुणीही उठलं नाही.